उंबऱ्यावरची अक्का

ग्रामपंचायतीची कचेरी आणि आमची शाळा एकाच आवारात होती. आवार एक असल्याचा फायदा पंचायतीला आणि तोटा शाळेला. ग्रामसभा असली की पंचायतीचा शिपाई सकाळीच यायचा, "मॅडम, खुर्च्या लागतील," म्हणायचा आणि उत्तराची वाट न बघता उचलायला लागायचा. परत येताना एखादीचा पाय लुळा झालेला असायचा. म्हणून मी त्या लोखंडी खुर्च्यांच्या पाठीवर लाल रंगात शाळेचं नाव ठळक रंगवून घेतलं, आणि सभा संपेपर्यंत तिथेच बसून राहायची सवय लावून घेतली. गावाला वाटायचं, धुळ्याच्या या बाईंना गावकीची भारी आवड. मला आपली खुर्च्यांची काळजी.

गाव धरणगाव तालुक्यातलं, कापूस पिकवणारं. नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथली माणसं अजून त्याच खुर्च्यांवर बसतात.

पहिल्याच सभेला मी दारापाशी पोचले आणि थांबले. दाराच्या उंबऱ्यावर, बरोब्बर मध्ये, एक बाई बसली होती. पोत्याची चौघडी घालून तिच्यावर मांडी ठोकलेली. डोक्यावरचा पदर कपाळाच्या खाली ओढलेला, आणि मांडीवर कापसाचा पुंजका. हात सारखे वाती वळत होते. पाठ चौकटीच्या एका बाजूला, गुडघा दुसऱ्या बाजूला. दार लावायचं तर तिला उचलावं लागलं असतं, आणि आत जायचं तर ओलांडावं. माणसाला ओलांडून जाऊ नये एवढे संस्कार माझ्यावर होते, म्हणून मी घुटमळले. तिनं मान वर न करता गुडघा आखडून घेतला.

"टाक पाय, बाई. मी मोडस नही."

ही सिंधूअक्का. त्या उंबऱ्यावर ती किती वर्षांपासून बसत होती हे नक्की कुणी सांगत नव्हतं. "पहिलेपासून" एवढंच उत्तर मिळायचं. नवरा ऐन तारुण्यात विहिरीचं काम करताना गेला. मूलबाळ नाही. कोरडवाहू शेताचा एक तुकडा, एक म्हैस, आणि थोरल्या दिराच्या घराला लागून दोन खोल्या. गावात तिला सगळे अक्काच म्हणत, तिच्याहून मोठेसुद्धा. फक्त तिचा पुतण्या विलास, जो मी तिथं असताना बराच काळ सरपंच होता, तो काकू म्हणायचा.

उंबऱ्यावर बसणं आपल्याकडे चांगलं मानत नाहीत. कुणी म्हातारा आत जाता जाता तिला तसं सुनवायचा. अक्काचं उत्तर ठरलेलं.

"हाऊ घरना उंबरा नही, भाऊ. पंचायतना शे. आनी पंचायतनं दार बंद ऱ्हास, ते चांगलं शे का?"

बाहेरच्या ओट्यावर आणि खाली अंगणात बाया बसलेल्या असत. आत जागा नव्हती असं नाही. पण आत भिंतींना लागून ज्या खुर्च्या मांडलेल्या असत, त्यांवर कुणाचा सासरा, कुणाचा जेठ म्हणजे थोरला दीर, कुणाचा मामेसासरा बसलेला. त्यांच्यासमोर, त्यांच्या बरोबरीनं एका खोलीत बसायचं, तेही बोलायला, ही गोष्ट त्या गावात कुणा सुनेच्या डोक्यातही येत नव्हती. बायांची वेगळी सभा आधी घ्यायची असते म्हणे. ती होतही असावी, कागदावर. प्रत्यक्षात बाया बाहेर बसायच्या, आणि बाहेर काही ऐकू यायचं नाही. आतून आवाज यायचा, हसण्याचा यायचा, मग चहाच्या कपांचा यायचा, आणि सभा संपायची.

अक्का उंबऱ्यावर बसायला लागल्यापासून म्हणे ऐकू यायला लागलं.

तिची पद्धत अशी. आत ग्रामसेवक वाचायचे, "पाणीपुरवठ्याच्या वेळापत्रकात अंशतः बदल करण्याबाबत विचारविनिमय होऊन..." आणि अक्का वातीवरून बोट न काढता, मान जराशी बाहेर वळवून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची, "नळ आते दिसआड येई." बाहेर कुजबुज उठायची. ती ऐकून घ्यायची आणि मान आत वळवायची. "बाया इचारतस, टाकीनं काय व्हयनं?" ग्रामसेवक सरपंचाकडे बघायचे, सरपंच छताकडे.

कोणताही ठराव "सर्वानुमते मंजूर" असं म्हटलं गेलं की तिचा एक प्रश्न यायचाच.

"आमनं मत धरीसन का सोडीसन?"

सुरुवातीला पुरुष हसायचे. पुढे हसणं कमी झालं, कारण प्रश्न दर वेळी यायचा, आणि त्याला हसण्याखेरीज दुसरं उत्तर कुणाकडे नव्हतं. मला आठवतं, नवीन आलेल्या एका ग्रामसेवकांनी वैतागून म्हटलं होतं, "आजी, तुम्ही मध्ये मध्ये बोलू नका, सभेचा भंग होतो." ती गप्प बसली. बाहेरच्या बायाही गप्प. पुढचा विषय वाचून झाला, तरी अक्का काही बोलेना. मग बाहेरून हमीदानं हाक मारली, "अक्का, क्या बोले रे वो?" अक्का म्हणाली, "बोलू नका म्हने." बस, एवढंच. त्या ग्रामसेवकांनी पुन्हा कधी तिला अडवलं नाही.

ही हमीदा कचेरीच्या मागच्या गल्लीतली. तिच्या घरी गाद्या-रजया भरायचं काम. नवरा हंगामात धरणगावच्या कापसाच्या जिनिंगवर मजुरीला जायचा. अक्काच्या वाती निम्म्या मारुतीला जायच्या आणि निम्म्या हमीदाच्या घरी, दर्ग्याच्या दिव्यासाठी. दोघींचं बोलणं ऐकण्यासारखं असायचं. एक अहिराणीत बोलायची, एक हिंदीत, आणि मध्येच कोण कुठल्या भाषेत गेलं याचा दोघींनाही पत्ता नसायचा.

वातींचं मी एकदा विचारलं. सभेत बसून कसल्या वाती वळता? अक्का म्हणाली की रिकाम्या हातानं बसलेल्या बाईला कुणीही उठवतं. हातात काम असलं की कुणी उठवत नाही. मी त्यानंतर सभेत पेपर तपासत बसायला लागले.

तिच्यात खटकण्यासारखंही पुष्कळ होतं. मिसरी लावायची आणि शाळेच्या भिंतीपाशी थुंकायची. माझी दोन-चार भांडणं त्यावरून झाली आणि प्रत्येक भांडणात मी हरले. हट्टी तर इतकी की एकदा उंबऱ्यावर बसली की पाणी प्यायलाही उठायची नाही. "घर आठेच ऱ्हास, सभा उठी जास," म्हणायची; घर इथंच राहतं, सभा उठून जाते. आणि कितीही समजावलं तरी आत यायची नाही. मला वाटायचं, हा त्या हट्टाचाच भाग. दार धरून ठेवायचंय, म्हणून उंबरा सोडत नाही.

मग एकदा तालुक्याहून साहेब आले. तरुण, हौशी, बोलायला चांगले. त्यांनी दारातली म्हातारी पाहिली आणि त्यांचा जीव कळवळला. "आजी, आत या. खुर्चीवर बसा. बायकांनी मागे राहायचे दिवस गेले." स्वतः उठून त्यांनी एक खुर्ची पुढे केली. अक्कानं पदर आणखी खाली ओढला आणि बसल्या जागी अंग चोरलं. साहेबांनी मग महिलांच्या सहभागावर बराच वेळ छान भाषण केलं. ते खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून बोलत होते, आणि खुर्ची रिकामीच राहिली.

सभा संपल्यावर मी अक्काला चांगलंच फैलावर घेतलं. एवढा मोठा माणूस उठून बोलावतो, तुम्ही साधं आत येत नाही? कशाला मग तो उंबरा अडवून बसता?

ती पोतं झटकत होती. झटकून झाल्यावर हळूच म्हणाली, "तठे नाना बसेल शेत ना, माय."

नाना म्हणजे तिचे थोरले दीर, तिचा जेठ. विलासचे वडील. गावात त्यांचा शब्द चालायचा. उंच, वाळकुडे, पांढरं धोतर आणि टोपी, बोलणं अगदी मोजकं. सभेत त्यांची खुर्ची दाराच्या बरोब्बर समोर, पलीकडच्या भिंतीला लागून. अक्काचा नवरा गेला तेव्हा तिचं सासर सुटलं नाही ते नानांमुळे. शेताचा तुकडा तिच्या नावे करून देणारेही तेच. आणि या सगळ्या वर्षांत अक्कानं त्यांना आपलं तोंड दाखवलं नव्हतं, की समोरासमोर एक शब्द बोलली नव्हती.

बोलणं व्हायचं, पण ते भिंतीशी. हे मी पुढे स्वतः पाहिलं. नाना तिच्या ओट्यावर यायचे, खाकरायचे, आणि तिच्या दाराकडे पाठ करून समोरच्या भिंतीकडे बघत, बियाणं आलं असलं तर म्हणायचे, "सांगा म्हनो, बियानं उनं." आतून अक्काचा आवाज यायचा, "सांगा म्हनो, ठेई द्या." कुणी कुणाला सांगायचं, हा प्रश्न नव्हता. भिंत ऐकायची. त्या भिंतीवरून दोन घरांचा सगळा संसार चालला होता.

तेव्हा मला कळलं की उंबरा ही तिची हद्द होती. त्याच्या अलीकडे ऐकू येत नव्हतं आणि पलीकडे तिला जाता येत नव्हतं. ती जिथपर्यंत जाऊ शकत होती तिथपर्यंत गेली होती आणि तिथं जाऊन बसली होती. मी शिकलेली बाई, दर सभेला तिच्या गुडघ्यावरून पाय टाकून आत जाऊन बसत होते आणि हे मला दिसलं नव्हतं, याची लाज वाटली.

आता त्या गोवऱ्यांच्या जागेबद्दल.

गावात शिरताना रस्त्याला लागून एक मोकळा तुकडा होता. जमीन गावठाणाची. ज्यांच्या घराला अंगण नाही, परसू नाही, अशा बाया तिथं गोवऱ्या थापायच्या. शेणाच्या पाट्या घेऊन सकाळी बाया जमायच्या, आणि उन्हाळ्याअखेरीस तिथं गोवऱ्यांचे मोठाले ढीग रचलेले असायचे. गावातल्या निम्म्या चुली त्यावर पेटायच्या. रस्ता रुंद झाला, जागेला भाव आला, आणि विलासच्या मनात तिथं दुकानांचे गाळे बांधायचं आलं. कल्पना वाईट नव्हती. गावात दुकानं झाली असती, पंचायतीला भाडं आलं असतं. फक्त बायांनी गोवऱ्या कुठे थापायच्या, हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं, कारण ज्यांच्या डोक्यात ते येऊ शकलं असतं त्या सगळ्या बाहेर बसायच्या.

इथं ग्रामसभेची एक रीत सांगायला हवी. पहिल्या सभेला पुरेशी माणसं जमली नाहीत तर ती तहकूब होते. आणि तहकूब सभा पुन्हा घेतली की तिला किती का माणसं असेनात, चालतं. ही सोय चांगल्यासाठी केलेली असणार. पण आमच्या गावानं तिचा असा काही अभ्यास केला होता की अवघड विषय असला की पहिली सभा मोडायचीच. दिवस असा निवडायचा की गाव शेतात असेल. मग तहकूब सभेत आपली आपली माणसं बसून काम उरकायची. गावाला हे इतकं अंगवळणी पडलं होतं की पहिल्या सभेला जाणाऱ्याला लोक वेड्यात काढायचे.

गाळ्यांची सभा कापूस वेचणीच्या ऐन भरात ठेवली, भर दुपारी. अक्कानं ते ऐकलं, आणि मला प्रथमच ती घाबरलेली दिसली. तिला स्वतःला त्या जागेचं फारसं काही नव्हतं. तिच्यापुरतं तिला अंगण होतं. पण गळून गेलेल्या आवाजात ती म्हणाली की आजवर आत काय ठरतं ते बाहेर सांगितलं, आता हे सांगायची वेळ आली तर कोणत्या तोंडानं सांगू. ती शेताशेतानं हिंडली. वेचणीवरच्या बायांना सांगत सुटली की यावेळी पहिल्याच सभेला यायचं, पहिल्याच.

त्या दुपारी मी वर्ग सोडत होते आणि आवाराच्या फाटकातून बाया येताना दिसल्या. अर्ध्या दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडून, थेट शेतातून. कमरेला बांधलेल्या ओट्या कापसानं फुगलेल्या तशाच. डोक्यावरून घामाचे ओघळ. येऊन त्या ओट्यावर, अंगणात, आमच्या शाळेच्या पायऱ्यांवर बसल्या.  आवार भरलं.

मी आत जाऊन बसले. खुर्च्यांवर मोजकी माणसं. ग्रामसेवकांनी घड्याळ पाहिलं, माणसं मोजली आणि म्हणाले, "गणपूर्ती होत नाही. सभा तहकूब करावी लागेल."

"बाहेर बाया बसेल शेतस," अक्का उंबऱ्यावरून म्हणाली.

"बाहेरचे धरता येत नाहीत, आजी. सभागृहात हजर असतील तेच."

"दार तं उघडं शे."

"दार उघडं असून काय उपयोग? उंबऱ्याच्या आत यायला हवं."

यावर विलास बोलला. आवाज चढवून नाही, अगदी गोड. "काकू, या की आत. कोणी अडवलंय का तुम्हाला?"

त्याला ठाऊक होतं. खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. समोरच्या भिंतीपाशी नाना बसले होते, हात काठीवर, नजर जमिनीवर. मला त्या क्षणी विलासचा असा संताप आला की हातातली पेन्सिल मोडली.

अक्काचे हात थांबले. वाती वळताना थांबलेले ते हात मी तेव्हाच पाहिले. मागून हमीदा म्हणाली, "उठ अक्का. हम हैं ना पीछे."

ती उठली. मांडीवरचा कापूस खाली सांडला, तो तिनं उचलला नाही. पदर छातीपर्यंत ओढून घेतला, इतका की तिला पुढचं काही दिसत नसणार. एक हात चौकटीला. मग तिनं उजवा पाय उचलला आणि उंबऱ्याच्या आत ठेवला. दुसरा पाय उचलेना. तशीच उभी राहिली, एक पाय आत, एक बाहेर, चौकट धरून. 

तेवढ्यात फरशीवर लोखंड घासल्याचा कर्कश आवाज झाला. नाना उठले होते. म्हाताऱ्यानं दोन्ही हातांनी आपली खुर्ची उचलायचा प्रयत्न केला, ती उचलेना, म्हणून ओढली, फिरवली, भिंतीकडे तोंड करून ठेवली आणि तिच्यावर बसले. आम्हाला त्यांची पाठ आणि खुर्चीवरचं शाळेचं लाल नाव दिसत होतं. ते भिंतीला म्हणाले,

"सांगा म्हनो, मजार या. सभा खोळंबनी."

अक्काचा दुसरा पाय आत आला. तिच्या मागून हमीदा, आणि तिच्या मागून एकेक करत सगळ्या. ज्यांचे सासरे आत होते त्या क्षणभर अडखळल्या. नानांकडे बघून आणखी एक म्हातारा उठला, त्यानं खुर्ची फिरवली. मग तिसऱ्यानं. बाया जमिनीवर दाटीवाटीनं बसल्या, कापसाच्या ओट्या मांडीवर घेऊन. खोली भरली, आणि उरलेल्या दारात उभ्या राहिल्या.

नाना पुन्हा भिंतीला म्हणाले, "विलास, मोज आते."

विलासनं मोजलं नाही. ग्रामसेवकांनी मोजलं.

गाळ्यांचा विषय आला तेव्हा अक्का एकच वाक्य बोलली, तेही जमिनीकडे बघत. "ज्यासना घरले आंगन नही, त्यासनी गोवऱ्या कोठे थापान्या?" विलासनं भाड्याचं सांगितलं, विकासाचं सांगितलं. सगळं सांगून झाल्यावर त्या प्रश्नाचं उत्तर राहूनच गेलं होतं. भिंतीकडून नानांचा आवाज आला, "बराबर इचारस ती." त्यांनी तिच्याबद्दल चार माणसांत काढलेला तो पहिला शब्द असावा. गाळे नामंजूर झाले. हात वर करायला सांगितलं तेव्हा बायांच्या हातांवर बोंडांची टोकं बोचल्याचे ओरखडे होते, वेचणीचे. ते अजून डोळ्यांपुढे आहेत.

बाहेर पडताना अक्का उंबऱ्यापाशी थांबली, सांडलेला कापूस गोळा केला, आणि अंगणात उरलेल्यांना नेहमीच्या आवाजात म्हणाली, "जागा आपलीच ऱ्हायनी." माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. धुळ्याच्या बाईंना ऊन लागलं, असं शिपायानं गावभर सांगितलं.

याची किंमत तिला मोजावी लागली. विलास कित्येक महिने काकूशी बोलला नाही. त्या दिवाळीला त्या घरातून तिला फराळाचं ताट आलं नाही, आणि तिच्या म्हशीच्या चाऱ्याला जी गाडी यायची ती आली नाही.  नाना मात्र ओट्यावर यायचे थांबले नाहीत. खाकरायचे, पाठ फिरवायचे, भिंतीला सांगायचे.

आणि सभेला ते आल्या आल्या स्वतःची खुर्ची फिरवून बसायला लागले. अक्का आत यायची, जमिनीवर बसायची, वाती वळायची. हळूहळू इतरही म्हाताऱ्यांनी तेच सुरू केलं. ज्याची सून यायची तो खुर्ची फिरवायचा. बाहेरगावचा कुणी अधिकारी आला की गोंधळून जायचा, ही माणसं रुसलीत का, म्हणून हळूच विचारायचा.

मला मात्र ते पटत नव्हतं. खरं सांगते, मला राग यायचा. खुर्च्या कसल्या फिरवता, पदर मागे टाका ना एकदाचा. ज्या भिंतीनं इतकी वर्षं बायांना बाहेर ठेवलं त्याच भिंतीला तोंड करून बसायचं आणि त्यात भूषण मानायचं? हे मी अक्काला तोंडावर म्हटलं. तिनं मिसरीची डबी बंद केली.

"पदर उतराले टाइम लागस, बाई. सभा तोवर थांबस का?"

 मी पेपर उचलले आणि शाळेकडे निघाले. 

नाना गेले तेव्हा मी गावातच होते. अंगणात त्यांना ठेवलं होतं. बाया रडत होत्या. अक्का पायांशी बसली होती, पदर तसाच छातीपर्यंत ओढलेला. कुणीतरी म्हातारी तिला म्हणाली, आता तरी बघून घे तोंड. तिनं मान हलवली. उचलायच्या वेळी ती उठली, घराच्या भिंतीजवळ गेली, आणि भिंतीला कपाळ टेकून काहीतरी म्हणाली. काय म्हणाली ते कुणाला ऐकू आलं नाही. ऐकायचा कुणी प्रयत्नही केला नाही.

त्यानंतरच्या सभेला ती जमीन सोडून खुर्चीवर बसेल, असं मला वाटलं होतं. आता तिला अडवणारं आत कुणी नव्हतं. ती आली, पोत्याची चौघडी केली आणि पुन्हा उंबऱ्यावर बसली. मी विचारलं, आता का? सगळे आत बसतात, तुम्हीच का इथं?

"मजार बठ्ठा शेतस," ती म्हणाली. "दार कोन धरी?"

पुढे माझी बदली पिंपळनेरकडे झाली. तिथून निवृत्त झाले. मध्यंतरी धरणगावला एका लग्नाला गेले होते, परतताना वाट वाकडी करून गावात उतरले. गोवऱ्यांची जागा होती तशीच होती, ढीग मात्र कमी झालेले. एका कोपऱ्यात अंगणवाडीची खोली उभी राहिली होती. ती बायांनीच सभेत मागून घेतली, असं रस्त्यात भेटलेल्या हमीदानं सांगितलं. आज सभा आहे, अक्का तिथंच असेल, असंही तीच म्हणाली.

कचेरी नवी झाली होती. चकचकीत फरशी, काचेचं दार. उघडून सोडलं की आपोआप बंद होणारं. उंबरा नव्हताच. नव्या इमारतींना तो नसतो. पण जिथं असायला हवा होता तिथं, उघड्या काचेच्या दाराला पाठ लावून, पोत्यावर अक्का बसली होती. खूप थकली होती. पदर आता खांद्यावर आलेला, केस पांढरेशुभ्र. मांडीवर कापूस, बोटं वाकडी झालेली, वात नीट वळत नव्हती. तिनं मला ओळखलं नसावं. ग्रामसेवक काहीतरी वाचत होते आणि ती मान बाहेर वळवून सांगत होती. आवाज बारीक झाला होता. बाहेर बसणारं आता फारसं कुणी नव्हतं, तरी सांगत होती.

मी बाहेरच थांबले. तेवढ्यात एक नवी सून आली. हातातल्या बांगड्या अजून लग्नाच्या. दारापाशी येऊन ती थबकली आणि तिनं झटकन पदर पुढे ओढला. मी आत पाहिलं. समोरच्या भिंतीपाशी विलास बसला होता. केस पांढरे, पोट सुटलेलं, आता नुसता गावकरी. ती त्याची सून होती.

 अक्कानं मान वळवून विलासकडे पाहिलं, आणि पाहत राहिली.

विलास उठला. खुर्ची माझ्या ओळखीची होती, एक पाय जरासा वाकडा. ती त्यानं ओढली, फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून बसला. पाठीवरचा लाल रंग पुष्कळ उडाला होता, पण शाळेचं नाव अजून वाचता येत होतं. अक्कानं गुडघा आखडून पोरीला वाट दिली, ती आत गेल्यावर पाठ पुन्हा दाराला लावली, आणि वात वळायला घेतली.